पत्र्याच्या भुकटीचं सारवण

माझ्या वडिलांना कौलांचा मनापासून तिटकारा होता. पनवेलात माकडं फार, आणि दरवर्षी पावसाआधी आमच्या भाड्याच्या खोल्यांवरची कौलं चाळायला नेरे गावाकडून माणसं बोलवावी लागत. त्यामुळे सिमेंटचे पत्रे मिळू लागले तेव्हा वडील असे हरखले, जणू तो शोध त्यांनीच लावला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे पहिल्या खोल्यांवर पत्रे चढले. मग दर एकदोन वर्षांनी मागच्या आवारात आणखी एक खोली उभी राही, आणि तिचे पत्रे आमच्याच अंगणात करवतीनं कापले जात.

कापताना करडी भुकटी पडायची, पिठासारखी मऊ. आई ती गोळा करून पोत्यात भरून ठेवायची. सिमेंटची आहे म्हणजे जमीन घट्ट करणार, हे तिचं शास्त्र. आमच्या घरात नारळाची शेंडीसुद्धा फुकट जात नसे, तिथे ही कशी जाणार? भाडेकरू खोली सोडून गेला की आई पदर खोचून जुनी जमीन खरवडायची, शेणात मुठी मुठी भुकटी कालवायची आणि सगळी खोली स्वतः सारवून काढायची. त्या जमिनीला भेगा पडत नसत, हे खरं. भाडेकरी बायका कौतुक करत. आईला त्या सारवणाचा अभिमान होता आणि मला आईचा.

सारवण झिजलं की झाडू फिरताना बारीक धूळ उठायची. पत्र्याच्या फटीतून आलेल्या कवडशात ती तरंगत राहायची, लवकर खाली बसायचीच नाही. लहानपणी मला ते फार सुंदर वाटे. आता कुठेही कवडसा दिसला की मी खोलीतून उठून जाते. घरातली मुलं माझी थट्टा करतात, करू देत.

पुढे लग्न होऊन मला आपटा गावी दिली. माहेरी यावं तर दर खेपेला आई आधीपेक्षा दमलेली दिसे. विहिरीवरून येताना मध्येच कळशी खाली ठेवून उभी राहायची. कोरडा खोकला होता, तो साठ सालानंतर फारच वाढला. वडील तिला मुंबईला घेऊन गेले. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना धुरकट दिसलं. थुंकी तपासली, पुन्हा तपासली. क्षय नाही हे नक्की, पण मग काय आहे ते मला सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. वडिलांनी त्यातलं धुरकट तेवढं ऐकलं. आम्हाला छातीचा एकच मोठा आजार ठाऊक होता, आणि नाव नसलेल्या आजारापेक्षा नाव असलेला माणसाला बरा वाटतो. त्यात नेमका तेव्हाच माझ्या थोरल्या भावाला मुलगा झाला. घरातला पहिला नातू.

आईची रवानगी शेवटच्या रिकाम्या खोलीत झाली. ताट-वाटी वेगळी, तांब्या वेगळा. कुणीही तिच्याशी वाईट वागलं नाही, याचाच मला आज जास्त राग येतो. वहिनी वेळेवर पेज नेऊन द्यायची, दादा पाठ शेकून द्यायचा. फक्त बाळाला तिच्याजवळ द्यायचं नाही, एवढं ठरलं होतं. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून पाठवलं. वहिनीनं ते उकळलं, उन्हात वाळवलं आणि तरीही माळ्यावर टाकून दिलं. आईला ते कळलं. त्यानंतर तिनं सुई हातात धरली नाही.

एकदा मी तिथे असताना वहिनी बाळाला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. आई आपल्या उंबऱ्यात बसली होती. ती वडिलांना म्हणाली, “डॉक्टर म्हणाले ना, थुंकीत काही नाही? मग द्या की मला त्याला. घटकाभरच. मी तोंड फिरवून बसते.”

वडील आत निघून गेले. मी त्यांना दारामागे उभे राहून रडताना पाहिलं. पण त्यांनी बाळ दिलं नाही.

मुलगा चालायला लागला तेव्हा त्याला आवरायचं कसं हा प्रश्न आला. तो आजीच्या खोलीकडे वळला की आम्ही सगळे म्हणायचो, तिकडे बाऊ आहे. तो खिदळत उलटा पळत यायचा. त्याचा खेळच झाला होता.

तो शाळेत जायच्या आधीच, एका भाद्रपदात आई गेली. क्षयाची खोली कोण भाड्यानं घेणार, म्हणून वडिलांनी भिंतींना चुना लावला, जमीन उकरून काढली. रोग राहायला नको म्हणून वहिनीनं ती नव्यानं सारवली, आईच्याच पोत्यातली भुकटी घालून. सासूबाईंसारखं जमत नाही, म्हणाली. मुलगा शेजारी बसून पोत्यात हात घालत होता. पुढे त्या खोलीत एक कुटुंब आलं, ते गेलं, दुसरं आलं. त्यांच्यापैकी कोण कुठे कसा श्वास घेतो आहे, हे मी आता कुणाला विचारू?

तो मुलगा, माझा भाचा, आता त्या खोल्यांचा मालक आहे. जुने पत्रे उतरवायला त्यानं माणूस बोलावला, तर त्या माणसानं बजावलं की पाणी मारून अख्खे काढायचे, फोडायचे नाहीत, करवत लावायची नाही. ती धूळ छातीत बसते आणि कित्येक वर्षांनी त्रास देते. भाच्यानं हे मला सहज सांगितलं. मग मी त्याला त्या पोत्याची हकिगत सांगितली. आजीला नक्की काय झालं होतं ते आता कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही, पण क्षय नव्हता, आणि ते आम्हाला तेव्हाही माहीत होतं, हेही सांगितलं.

“आत्या, मला आजीचं एकच आठवतं,” तो म्हणाला. “ती दारात बसून हात पुढे करायची आणि मी पळायचो. मी पळालो की तुम्ही सगळे हसायचात. तीसुद्धा हसायची.”