मारोतीभाऊची गाठ

एजंटनं मला फसवलं, असं मी गेली सहा वर्षं आमच्या सावली गावच्या बाजारात ओरडून सांगतो आहे. ते खोटं आहे. फसवलं मी – माझ्या चुलतभावाला, मारोतीभाऊला. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच.

आम्ही तलावावर मासे धरणारी माणसं. मारोतीभाऊ जाळं विणतो, मी मासे विकतो. पहिल्यापासून हीच वाटणी. वडिलांनी मला काही ठेवलं नव्हतं; जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. माझ्याशी घासाघीस करताना भलेभले व्यापारी दमतात. मारोतीभाऊ नेमका उलटा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम. पण हात! डावखुरा आहे तो. त्याची गाठ आमच्यापेक्षा उलट्या बाजूला वळते आणि ओढली की तांदळाच्या दाण्याएवढी होते. दहा जाळी वाळत घाला, त्यातलं त्याचं कोणतं ते गावात कोणीही सांगेल.

चंद्रपूरच्या एका एजंटला आखातातल्या मासेमारीच्या कामासाठी जाळी दुरुस्त करणारा माणूस हवा होता. एकच. हातानं विणलेला वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढा, तुकडा आणा, म्हणाला. आम्ही दोघांनीही विणला. मला वर यायचं होतं. मारोतीभाऊला – हसू नका – समुद्र बघायचा होता. जन्मभर विणलेली जाळी तलावात गेली. एकदा समुद्रात पडलेलं जाळं बघायचं होतं त्याला.

"तूच जाय अन् तूच बोल," तो मला म्हणाला. "मले त्या सायबापुढं हिंदी नाई जमत. दोन्ही तुकडे घेऊन जाय."

घेऊन गेलो. तुकड्यांना आमच्या नावांच्या चिठ्ठ्या सुतळीनं बांधल्या होत्या. एजंटच्या ऑफिसच्या जिन्याखाली मी – मी त्या सोडल्या आणि बदलून बांधल्या. घाई नव्हती. कोणाचा धाक नव्हता. मग का? कारण माझा तुकडा माझ्याच डोळ्यांना भिकार दिसत होता.

एजंटनं मारोतीभाऊचा तुकडा खिडकीशी धरला. "लेफ्ट हँड है क्या?" मी हो म्हणालो. त्यानं फॉर्मवर तसं लिहिलं आणि सांगितलं, तिकडचा फोरमन पहिल्याच दिवशी समोर बसवून गाठी बांधून घेतो.

निघालो त्या सकाळी मारोतीभाऊ सावलीच्या स्टँडवर आला. हातात त्याची जाळं विणायची बांबूची सुई, दोरा भरलेली. माझ्या खिशात घातली. "तुयी गाठ बसली, मायी नाई बसली. होते असं. समुद्र पाह्यला का मले सांगजो, केवढा असते तो."

चंद्रपूरला हैदराबादची गाडी धरली. विमान तिथून होतं. गाडीत ओळखीचं कोणी नाही. बल्लारपूर मागं पडलं तसा मी समोरच्या सीटच्या दांडीला दोरा अडकवला आणि डाव्या हातानं गाठ बांधायला लागलो. समजतंय ना? भावाची जागा घेतली होती. आता त्याचा हातही हवा होता. गाडी खड्ड्यात गेली की गाठ घसरायची. राजुऱ्याला चढलेली एक बाई शेजारी बसून बराच वेळ बघत होती.

"काऊन जी भाऊ, उजव्या हाताले मेंदी लावली का?"

मागचे हसले. माझं डोकं फिरलं. "तुमी तुमचं गठुडं सांभाळा, बाई!"

"माया गठुड्याची गाठ पक्की हाय जी. तुमची पाहा."

पाट्या तेलुगूत दिसू लागल्या तोवर सुईतला दोरा संपला होता. एक गाठ धड नव्हती. आसिफाबादला गाडी जेवणासाठी थांबली. समोर चंद्रपूरकडे जाणारी गाडी उभी होती – दार उघडं, निम्म्या सीटा रिकाम्या. मी तिच्याकडे बघत भात खाल्ला. हात धुतले. आणि परत माझ्याच सीटवर येऊन बसलो.

पुढचं थोडंच आहे. फोरमननं मला पाचव्या गाठीला उठवलं. दोन वर्षं मी बर्फाच्या लाद्या उचलल्या. परत आलो तर गावाला काय सांगणार? म्हटलं, एजंटनं काम एक सांगितलं, दिलं दुसरं. ओरडण्यात माझा हात कोण धरणार?

वर्षभरानं त्याच एजंटचा निरोप आला. जाळ्याला पुन्हा एक माणूस हवा होता. मात्र या वेळी समोर बसून विणून दाखवायचं. मारोतीभाऊसाठीच केल्यासारखी अट. पण तो चौकात सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्यानं माया भावाले फसवलं, त्याच्या दारात मी पाय नाई ठेवत."

मी तिथंच उभा होतो. अख्ख्या बाजारात चालणारं हे तोंड – उघडलं नाही.

त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर तो जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "सांग न बे आता. केवढा असते समुद्र?"

दोन वर्षं समुद्र माझ्या समोर होता. बर्फाच्या शेडमधून रोज दिसायचा, त्याला पलीकडचा काठ नव्हता. मी म्हणालो, "काई नाई. आपल्या तलावासारखाच दिसते. पाणी खारं, बस."

"हो का?" त्यानं दातानं दोरा तोडला. "मंग काई गेलं नाई मायं."

बाजारात मासे तोलताना मी आजही विचारतो, याचा जाब कोण देणार? गिऱ्हाइकं माना हलवतात. त्या एजंटनं मला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. जाब मी द्यायचा आहे. मारोतीभाऊ रोज सकाळी मासे घेऊन माझ्या दुकानावर येतो. त्याच्यासमोर, भर बाजारात, मीच द्यायचा आहे.