धनवंतानं चोरून ऐकलेली स्पेनची बोली

सेवकराम बैलांना पाणी पाजताना पुटपुटायचा, दातवण करतानाही पुटपुटायचा. "त्राबाहो, त्राबाहास, त्राबाहा." तिरोड्याजवळच्या त्या गावात शेजारणी धनवंताला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला कोणीतरी मंत्र दिला.

एक दिवस तिनं सरळच विचारलं, "काऊन जी, कोणावर करणी करून राहिले?"

"करणी कायची? स्पेनवाल्याईची बोली हाये. मी काम करतो, तू काम करतोस, तो काम करतो. बस."

मग सगळं बाहेर आलं. ईश्वरदास नावाच्या सिंधी शेठचं समुद्रापार स्पेनच्या तेनेरीफ बेटावर रेशमी कापडाचं दुकान होतं. त्याला दुकानात राबणारा माणूस हवा होता आणि सेवकराम बायकोला न विचारता हो म्हणून बसला होता.

"एका वरसानं येतोच वापस," तो म्हणाला.

त्याच बेटावर शेठचा स्वयंपाकी म्हणून राहून आलेला मुन्नालाल ती बोली पक्की करून घ्यायला रोज संध्याकाळी गोंदियाहून येऊ लागला. दोघं ओसरीवर बसत. धनवंता दाराआड बिड्या वळत बसे, पण कान बाहेर. काम काय करतोस, दिवस कसा घालवतोस, असं मुन्नालाल त्या बोलीत विचारी. सेवकराम अडखळत सांगे, "पासो एल दिया एन ला तिएंदा."

"दिवे लावाचं काम हाये का?" तिनं आतूनच विचारलं.

मुन्नालाल खो खो हसला. "नाही भाभी! दिया म्हणजे दिवस. पूरा दिन दुकानात घालवतो, असं म्हणून राहिला."

ते हसणं तिला खुपलं. हाच माणूस आपल्या नवऱ्याला फूस लावतोय, अशी तिची खात्री झाली. तेव्हापासून तीही गुपचूप शिकू लागली. बिड्यांचे कट्टे बांधताना ऊनो, दोस, त्रेस मोजायची. आन्यो म्हणजे वर्ष, हे तिनं नवऱ्याकडूनच काढून घेतलं.

एका संध्याकाळी मुन्नालालनं विचारलं, शेठनं पुसलं किती राहशील, तर काय सांगशील?

"पासारे त्रेस आन्योस," सेवकराम म्हणाला.

धनवंताच्या हातातली बिडी उलगडली. ती बाहेर आली.

"त्रेस? तीन वरसं?"

"अवं, हा त नुसता धडा हाये..."

"मंग एक वरीस म्हणून दाखवा ना. ऊनो येत नाही का?"

बोलला तो मुन्नालाल. "भाभी, करार तीन वर्षांचाच असते. घरी सांग म्हणून मी याले पहिल्याच दिवशी बोललो होतो."

तिनं ज्याच्यावर संशय धरला होता तो खरा निघाला, आणि खोटा घरातच होता.

तिनं सासूला, देवकाबाईला, हाक मारली. "आता मायले सांगा. आपल्या बोलीत."

त्यानं सांगितलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"आधी सांगतलं असतं त तू जाऊ देलं नसतं," तो धनवंताकडे वळून पुटपुटला.

"नसतंच देलं. पण भांडून त घेतलं असतं!"

भांडण मग चांगलं आठवडाभर चाललं. शेवटी तो गेलाच, पण धानाच्या कोठ्या आणि शेतीचा सगळा कारभार बायकोच्या हाती सोपवून.

कराराची मुदत संपल्यावर सेवकराम परतला. अंगानं वाळला होता. तिच्यासाठी त्यानं काळ्या जाळीची ओढणी आणली होती. धनवंतानं ती उजेडात धरली, हुंगली.

"कोणी वापरलेली हाये का?"

तो शपथा घेत राहिला. धनवंता ओढणी तशीच घडी करून गोंदियाला मुन्नालालकडे घेऊन गेली; तिकडच्या ओढण्या त्यानं पाहिलेल्या होत्या. कोरीच आहे असं त्यानं सांगितल्यावर येताना ती डोक्यावर घेऊन आली.