दाजींचा एक घोट

मला बिअर कळते, असं मी पूर्वी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही. त्याचं कारण नगरला घडलं.

चोपन्नाव्या वर्षी मी मुलाकडे बंगळूरला महिनाभर राहिले. तिथे त्याने मला अशा एका ठिकाणी नेलं, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात आणि नळातून ग्लासात देतात. मला ती आवडली. खोटं कशाला बोलू, फारच आवडली. पुण्यात परतल्यावर तशा सगळ्या जागा मी पालथ्या घातल्या आणि मला शोध लागला, की पिण्यापेक्षा त्यावर बोलण्यात जास्त मजा आहे. ही गव्हाची, ती काळी, हिच्यात संत्र्याची साल, तिच्यात कॉफी. भिशीतल्या मैत्रिणी आ वासून ऐकायच्या. पाय जमिनीवर ठेवायला मला कोणी सांगितलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात मी चार दिवस नगरला बहिणीकडे गेले. बॅग ठेवली, चहा घेतला आणि जाहीर केलं, की मला इथले बार बघायचे आहेत. बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने आधी देवघराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"एकटी नको जाऊ. ह्यांना ने बरोबर," ती म्हणाली.

आमच्या दाजींनी उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला तीस वर्षं त्यांनी दूध संकलन केंद्र चालवलं. कुणाच्या म्हशीने काल काय खाल्लं, हे ते दुधाचा एक घोट तोंडात घोळवून सांगत. घोट गिळायचा नाही, थुंकायचा. आणि फेस खाली बसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. फेसासकट घेतलं तर केंद्र बुडतं, फेसासकट विकलं तर गिऱ्हाईक. दाजींच्या लेखी जगातले सगळे लबाड फेसाच्या आडून काम करतात.

वय झाल्यावर त्यांनी केंद्र पुतण्याच्या हवाली केलं आणि बहिणीला घेऊन ते नगरला राहायला आले. पोटी मूल नाही, पुतण्यालाच लहानाचा मोठा केलेला. त्या पुतण्याने वर्षभरात केंद्राला कुलूप लावलं आणि मनमाड रस्त्यावर बिअर बनवून विकण्याची जागा काढली. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, दाजी त्याच्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्याचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. बहीण मात्र अजून सणाला त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त करायची आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने स्वतः खायची. मला त्या पोळ्यांचा फार राग यायचा.

तर शुक्रवारी संध्याकाळी मी आणि दाजी निघालो. स्टँडजवळच्या एका परमिट रूमच्या दारात मला पाहताच मॅनेजर उठून उभा राहिला आणि त्याने आम्हाला 'फॅमिली'त नेलं. फॅमिली म्हणजे पडदा लावलेली एक खोली आणि तिथे आधीच बसलेली एक पाल. मी बिअर मागवली, दाजींनी सोडा. वेटरने बिअर दाजींपुढे ठेवली, सोडा माझ्यापुढे, आणि अदबीने पडदा ओढून घेतला. आम्ही ग्लासांची अदलाबदल केली. तो खारे दाणे घेऊन परत आला, त्याने टेबलाकडे पाहिलं, आणि आमची चूक झाली असं समजून ग्लास पुन्हा जागच्या जागी ठेवले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा दाजी त्याला म्हणाले, "बाबा, पुण्याच्या हायेत त्या. राहू दे." त्यावर तो बिचारा समजून हसला.

त्या बाटलीतल्या बिअरवर मी नाक मुरडलं आणि ताज्या बिअरवर एक व्याख्यान दिलं. दाजी दाणे सोलत ऐकत होते. "म्हंजे दुधासारखंच हाय की," ते मधेच म्हणाले. मी म्हटलं, छे हो दाजी, कुठे दूध, कुठे बिअर.

शनिवारी आम्ही दुसऱ्या एका बारमध्ये गेलो. रस्त्यावर शिंगणापूरच्या गाड्यांची रीघ, आणि आत टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. "शनिवारी कोन पितंय ताई हितं?" तिथला म्हातारा वेटर म्हणाला. मग त्याने मला नगरच्या पिणाऱ्यांचं पंचांगच समजावून दिलं. ह्या साहेबांचा सोमवार, त्या वकिलांचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, आणि शनिवार बहुतेक सगळ्यांचा. "गिऱ्हाइकाचं नाव इसरंल मी, पन वार न्हाई इसरत." दाजींना तो माणूस फार आवडला. कामात चोख आहे, म्हणाले.

राहिला रविवार. मला पुतण्याकडे जायचं होतं, बिअरसाठीही आणि त्या पोळ्यांसाठीही. पण दाजींना तिकडे नेणार कसं? दुपारच्या जेवणात मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "दाजी, मनमाड रस्त्याला ती जागा आहे ना, तिथे म्हणे मापात मारतात. अर्धा ग्लास नुसता फेस."

बहिणीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दाजींनी भात कालवला. "मला काय करायचंय," म्हणाले. हात धुऊन आल्यावर विचारलं, "अर्धा?" मी म्हटलं, ऐकीव आहे बाई, खरं-खोटं देव जाणे. ते आडवे झाले, दहा मिनिटांत उठून बसले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात असलं कुनी केलेलं न्हाई." चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जागा छान होती. झाडं, बाकडी, काचेपलीकडे चकचकीत स्टीलच्या टाक्या. रविवार असल्याने संध्याकाळच्या गर्दीची तयारी चालली होती, पण चार-पाच टेबलं आत्ताच भरली होती, आणि तिथे एक मजेदार प्रकार चालला होता. वेटर फेसाचा ग्लास आणून ठेवी, गिऱ्हाईक तो परत पाठवी. एक जण चमच्याने फेस काढून बशीत ठेवत होता. दुसरा हात आडवा धरून वेटरला दाखवत होता, हितपर्यंत भर. दुधाच्या जिल्ह्यात दाजी एकटे नव्हते.

आमचा ग्लास आला. वर दोन बोटं फेस. दाजींनी खरोखरच दोन बोटं लावून बघितली. "हा बसू द्या. मग वर भरा," त्यांनी वेटरला सांगितलं. वेटर म्हणाला, फेस असावाच लागतो, त्यात वास असतो. "वास मला नको सांगू. मालकाला बोलव."

मालक काचेमागून आलाच. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, अंगात रबरी अॅप्रन. काकांना पाहून जागीच थिजला, मग वाकून पाया पडला. दाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याला म्हनावं, माप पुरं देत जा."

"मावशी, काकांना सांगा, ग्लासावर रेघ हाय. रेघेपर्यंत बिअर, फेस त्याच्या वर. फेस मोजत न्हाई आमी."

मी दोघांच्या मधे बसून दोन्हीकडे हे निरोप पोचवले. दाजींनी ग्लास डोळ्यांसमोर धरून रेघ शोधली. रेघ होती. ते बाकावर जरा सैल बसले. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

मग पुतण्याने माझ्यापुढे लाकडी फळीवर चार छोटे ग्लास ठेवले. मला तेच हवं होतं. पहिल्यावर मी बोलले, दुसऱ्यावर जास्त बोलले. तिसरा बाजरीचा, त्याची स्वतःची कल्पना. मी घोट घेतला, डोळे मिटले. आंबट होता. "वा!" मी म्हटलं. "हा आंबटपणा मुद्दाम ठेवलाय ना? बेल्जियममध्ये असाच करतात. लोकांना कळत नाही, पण ही फार वरच्या दर्जाची गोष्ट आहे."

"व्हय," पुतण्या म्हणाला. "म्हंजे, तसंच." आणि त्याने टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छ होतं.

दाजींनी फळीवर वाकून त्या ग्लासाचा वास घेतला. सरळ बसले. पुन्हा वाकले. मग माझ्या देखत, उभ्या जन्मात थेंब न घेतलेल्या त्या माणसाने ग्लास तोंडाला लावला. घोट तोंडात घोळवला, इकडून तिकडे, डोळे कुठेतरी लांब लावून. आणि शेजारच्या कुंडीत थुंकला.

"नासलंय," दाजी म्हणाले.

माझे कान गरम झाले. बेल्जियम माझ्या घशात अडकलं. पण दाजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते पुतण्याकडे बघत होते.

"तुला कधी कळलं?"

पुतण्याच्या हातातलं फडकं थांबलं. "परवा."

"आन तरी देतोस?"

"अख्खी टाकी हाय, काका. सांजच्याला सगळी टेबलं भरनार. आन कुनाला कळत न्हाई. ह्या मावशीबी चांगलंच म्हनल्या की."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दाजी उठले आणि सरळ काचेपलीकडे गेले. आम्ही दोघं मागोमाग. त्यांनी टाकीवर हात फिरवला, नळीचा जोड उघडायला लावला आणि आतली रबराची चकती नखाने उचकटून काढली. चकतीखाली राखाडी, बुळबुळीत थर होता. त्यांनी ती पुतण्याच्या नाकाखाली धरली.

"टाकी घासली, नळ्या धुतल्या, आन हे? केंद्रावर पयल्या दिवशी काय शिकवलं हुतं तुला?"

"रबर काढल्याबिगर धुनं न्हाई," तो शाळेतल्यासारखा म्हणाला.

"ओत."

"काका, सगळी?"

"लोकं पितील, तोंड वाकडं करतील. तुझं नाव न्हाई घेनार कुनी. म्हनतील, काकानं काय शिकवलं ह्याला." दाजींचा आवाज इथे जरा हलला. "केंद्रावर एकदा मी सगळ्या गावाचं दूध ओतलं हुतं. तू लहान हुतास. घरी येऊन जेवलो न्हाई त्या दिवशी. पन ओतलं."

 पुतण्याने खाली वाकून नळ सोडला. बाजरीची ती सगळी बिअर फरशीवरून नालीकडे जाऊ लागली, फेस उडवत. आंबट वास सगळीकडे पसरला, आणि आता तो मलाही स्पष्ट कळत होता. फार लाज वाटली मला. फेसाची थाप मारून त्यांना इथे आणलं होतं मी, आणि बिअर जाणणारं एकच माणूस आमच्यात होतं.

 दाजी वाहणाऱ्या धारेच्या कडेला, पँट वर धरून उभे होते.

"दुसरी कधी तयार हुईल?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे लागत्याल."

"मला फोन कर. मी येऊन चव घेतल्याबिगर एक गिलास भायेर काढायचा न्हाई."

"व्हय, काका," तो म्हणाला, आणि तो चाळिशीचा बाप्या तिथेच ओल्या फरशीवर बसून हुंदके देऊन रडायला लागला.