डोंगरावरचे कांदेपोहे

माझ्या लग्नात दोन अडचणी आहेत, असं आईने सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. एक, मुलगी उंच. दुसरी, मुलगी डोंगर चढते. पहिलीवर सपाट चपलांचा इलाज होता, दुसरीवर कसलाच नव्हता.

ही दुसरी अडचण बाबांनी लावलेली. ते लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आठवडाभर त्या खडखडाटात उभं राहायचं आणि रविवारी डोंगरात जायचं, हा त्यांचा नेम. चाळीतले बाकीचे पुरुष रविवारी मटण आणून पत्ते कुटत बसायचे. बाबा पहाटेच्या गाडीने नेरळच्या पुढे उतरून माथेरानच्या डोंगरात शिरायचे. शेटलोक घोड्यावरून जातात तो रस्ता नव्हे. पॉइंटांच्या पाठीमागे दाट जंगल आहे, त्यातून मोळ्या नेणाऱ्यांच्या पायवाटा वर चढतात. एक सोंडेवरून निवांत जाते, एक ओढ्याच्या काठाने, आणि एक सरळ नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून. तिथे हात टेकल्याशिवाय पाऊल पडत नाही. मी परकर नेसत होते तेव्हापासून बाबांच्या मागे त्या घळीत घुसत आले. पुढे परळच्या शाळेत शिकवायला लागले तरी रविवार सोडला नाही. आई मला भटकभवानी म्हणायची आणि डब्यात चपात्या मात्र मोजून दोन जास्त घालायची.

आमच्याबरोबर बाबांच्या गिरणीतले एक फिटरकाका असत. परळचेच, ख्रिस्ती. चर्चमधला रविवारचा मास बुडवल्याबद्दल माथ्यावर पोचल्यावर क्रूस करून माफी मागायचे आणि मग सगळ्यांना उकडलेली अंडी वाटायचे.

हे दोघेही ठार बहिरे नव्हते, पण साच्यांनी त्यांचे कान बरेच खाल्ले होते. गिरणीत शेजारच्याने कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून साचेवाले हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं की गाठ मारतोय. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. आणि मूठ मागावर धावणाऱ्या धोट्यासारखी इकडून तिकडे हलवली की, तू थांबू नकोस, तुझा साचा चालू ठेव. हीच बोली त्यांनी डोंगरात आणली. पुढे गेलेल्याने वरून कात्री दाखवली की वाट तुटली असं समजायचं, मिशी पिळली की जंगलखात्याचा माणूस येतोय. मला ही बोली बाराखडीच्या आधी यायला लागली होती. अख्खी चढण आम्ही एक शब्द न बोलता भरपूर गप्पा मारत चढायचो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या, आज हरताळ, उद्या सभा. आईसुद्धा पदर खोचून मोर्च्यात जाऊन आली होती. मोर्च्यात गेलेली सून लोकांना चालत होती, डोंगरात गेलेली चालत नव्हती. दोन स्थळांनी त्यावरूनच नाक मुरडलं. तेव्हा मीही हट्टाला पेटले आणि घरात सांगून टाकलं की जो माझ्याबरोबर माथ्यापर्यंत चढेल त्याच्याशीच लग्न करीन. लग्न झालं की डोंगर सुटला, हे मी शेजारच्या घराघरातून बघत होते. कुणाचं गाणं सुटलं होतं, कुणाचं पोहणं.

तिसरं स्थळ करी रोडचं. मुलगा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून, वडील नाहीत, घरी फक्त आई. मध्यस्थी करणाऱ्या मावशींनी आम्हाला बजावलं, "डोंगराचं एक अक्षर काढायचं नाही. आणि तुझ्या बापाला कमी ऐकू येतं हेही नाही. ते गप्पच बसू देत." पण दाखवण्याच्या दिवशी नेमकी आमच्या भागात संचारबंदी लागली आणि भिजवलेले पोहे आम्हीच खाल्ले. पुढच्या रविवारी तरी करू, असं सांगायला मावशी आल्या, तर बाबा म्हणाले, "रविवारी आम्ही घरी नसतो. डोंगरात असतो. पाठवा मुलाला तिकडेच."

आईने कपाळावर हात मारला. मावशींनी चहा अर्धा टाकला. पण दोन दिवसांनी निरोप आला की मुलगा येतोय.

आला तो नवेकोरे बूट घालून. पँटला कडक इस्त्री, खिशात घडीचा रुमाल. फिटरकाका माझ्या कानात म्हणाले, "हा डोंगर बघायला आलाय की ऑफिसात चाललाय गो?" मी हसू दाबलं. मुलगा दिसायला बरा होता, बोलायला कमी. आईने डब्यात पोहे दिले होते, ते माथ्यावर पोचल्यावर खायचे असं ठरलं.

पायथ्याची चढण संपता संपता मी त्याला सरळ विचारलं, "लग्नानंतर मला हे सोडावं लागेल का?"

तो धापा टाकत होता. म्हणाला, "आधी जरा श्वास घेऊ द्या."

हे काही उत्तर नव्हतं. मी फणकाऱ्याने पुढे गेले.

अर्ध्यावर डोंगराला एक सपाटी आहे, झाडीने भरलेली, मधून ओढा वाहतो. तिथून नाळ सुरू होते. आम्ही तिघं नाळेच्या पहिल्या टप्प्यावर चढलो आणि मागे वळून बघितलं तर मुलगा ओढ्याकाठी दगडावर बसलेला. एक बूट काढून हातात धरलेला. बूट चावला होता, तो इतका की टाच सोललेली वरूनही कळत होती. ओढ्याच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं.

माझा चेहरा पडला. अट मीच घातली होती आणि हा माणूस अर्ध्यावर बसला. त्यातून आता सगळ्यांनी परत फिरायचं, खाली जाऊन त्याच्या टाचेला हळद लावायची, आणि संध्याकाळी मावशी सांगणार की मुलीने मुलाला लंगडा करून पाठवला. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोपर्यंत तो मला आवडायला लागला होता, हे तेव्हाच कळलं.

बाबांनी सवयीने हात वर केला आणि दोन बोटांची कात्री दाखवली. तुटलं का?

खालून मुलाने हात वर केला. टाचेकडे बोट दाखवलं, मग कात्री केली. मग अंगठ्यावर बोट फिरवलं, बांधून घेतो. आणि मग माझ्याकडे बघत मूठ हलवली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. थांबू नका, चालू ठेवा.

तो आमच्याच बोलीत बोलत होता. ही बोली पुस्तकात शिकता येत नाही. ज्या घरात कुणीतरी आपले कान गिरणीला दिलेत त्याच घरात ती येते. नंतर कळलं की त्याची आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होती, तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि मावशींनी त्यांनाही बजावलं होतं की याचं एक अक्षर काढायचं नाही.

बाबांनी खांद्यावरचा पोह्यांचा डबा काढला, उपरण्यात बांधला आणि मला म्हणाले, "जा, देऊन ये. त्याला भूक लागली असेल." मी उतरून डबा दिला. त्याने रुमाल टाचेला गुंडाळला होता. म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं उत्तर दिलंय मी."

"कळलं," मी म्हटलं आणि परत चढायला लागले. त्या दिवशी नाळ मला कधी संपली तेच समजलं नाही.

माथ्यावर बाबांचा एक रिवाज होता. कड्याच्या टोकाशी उभं राहून छाती भरून ओरडायचे, "संयुक्त महाराष्ट्र..." समोरच्या कड्यावर आपटून आवाज परत यायचा, पण तो त्यांच्या कानांना लागायचा नाही. मग ते मला विचारायचे, "आला का?" मी मान डोलवली की खूश.

त्या दिवशीही ओरडले. समोरच्या कड्यावरून आवाज परत आला. आणि त्याच्या मागून, ओढ्यापासून जरा लांबच्या खालच्या झाडीतून, पोहे खाऊन तरतरीत झालेला एक दुसराच आवाज आला, "झालाच पाहिजे."

"आला का?" बाबांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. पोह्यांचं काय झालं हेही तिने विचारलं नाही.

"चढला का वर?"

"नाही चढला," मी म्हटलं. "हाच मुलगा."