मेलेला दगड

"अहो बाई, आपण इथे भूगोल शिकवायला आलात की खडी फोडायला?"

पर्यवेक्षिका बाई दारात उभ्या होत्या. सातवीचा वर्ग, बेचाळीस मुलं. टेबलावर गोणपाट, त्यावर दोन दगड, माझ्या हातात हातोडी. त्यांचा आवाज जराही चढलेला नव्हता. कर्वेनगरातल्या आमच्या शाळेत ओरडून अपमान करायची रीत नव्हती. तो हळू आवाजात, 'आपण' म्हणून व्हायचा. मुलं खदखदून हसली.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. लोक आपला अपमान सांगतात तेव्हा आपलं हसणं तेवढं गाळतात.

धडा खडकांच्या विदारणाचा होता. दरवर्षी मुलं इथेच घोटाळा करतात. विदारण म्हणजे काय विचारलं की लिहितात, खडक वाहून जाणे. क्षरण म्हणजे काय विचारलं की लिहितात, खडक फुटणे. व्याख्या पाठ असते, कळलेलं काही नसतं. म्हणून त्या दिवशी मी दगड घेऊन गेले. एक खाणीतला, एक शाळेमागच्या टेकडीचा.

खाणीतल्यावर हातोडी मारली. ठण्! टेकडीच्या दगडावर मारली. भद्द.

"हा जिवंत. हा मेलेला," मी म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, कशाने मेला?"

"पाण्याने, उन्हाने. पाणी बारीक भेगेतून आत शिरलं. आतलं लोखंड गंजलं. दगड पिवळा पडला, ठिसूळ झाला. जागच्या जागी मेला. हे विदारण. आता पाऊस येईल, त्याचा चुरा उचलून नदीत नेईल. ते क्षरण."

"म्हणजे आधी मरतो, मग नेतात?"

"अगदी बरोबर."

तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका मिनिटात जमलं. आता मला खडकांचं चक्र सांगायचं होतं. तो गाळ तळाशी बसतो, दाबला जातो, त्याचा नवा खडक होतो. तो खोल गेला की बदलतो, वितळतो, पुन्हा वर येतो. कुठलाही खडक जन्मला तसाच राहत नाही. तेवढ्यात दारातून ते वाक्य आलं आणि चक्र राहिलं.

मेलेला दगड हा शब्द माझा नाही. माझ्या बापाचा आहे. आम्ही वडार. दगड फोडणारे. खाणीला लागून आमची वस्ती. मी सहा-सात वर्षांची असताना बाप मला दगडाजवळ बसवून म्हणायचा, "कान दे. दगुड बोलतो. ठण् वाजला तर जित्ता, भद्द वाजला तर मेला. मेला दगुड भितीत घालू नाय. भित माणसावर येती." त्याला अक्षर येत नाही. पण त्याने पारखून दिलेल्या दगडाची एकही भिंत कधी ढासळली नाही.

शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं आडनाव असं की जातीचा पत्ता लागत नाही. वडील काय करतात, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "बांधकामात आहेत." लोकांना बिल्डर वाटायचा. वाटू द्यायची. माझी नेमणूक राखीव जागेवरची, त्यामुळे ऑफिसातल्या फायलीला मात्र सगळं माहीत होतं. पर्यवेक्षिका बाईंनी फाईल वाचली होती. 'खडी' हा शब्द त्यांनी हवेतून उचललेला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यांनी बोलावलं. निरीक्षण वहीत शेरा तयार होता. 'विषयज्ञान बरे. भाषा ग्राम्य. वर्गात अवजार आणणे अनुचित.'

"मेलेला दगड हा शब्द कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही."

"मग आपल्या तोंडात कसा आला?"

मी वहीतला शेरा पुन्हा वाचू लागले. बोलले असते तर बाप बाहेर आला असता.

"घरचं घरी ठेवावं, बाई. मुलांच्या वह्या मागवून घ्या आणि तो शब्द खोडा. लाल पेनाने. शिवाय अशास्त्रीय भाषा वापरणार नाही, असं लिहून द्या. तीन वर्षं भरत आलीत ना आपली?"

भरत आली होती. शिक्षणसेवकाला तीन वर्षं काढावी लागतात. काम समाधानकारक ठरलं तर कायम, नाहीतर घरी. माझ्या घरी बापाची छाती दगडाच्या भुकटीने भरलेली, चार पावलं चालला की धाप. आईचे गुडघे ओझ्याने गेलेले. धाकटी बहीण बारावीला. माझ्या कायम होण्यावर सगळे डोळे लावून बसले होते. मी घाबरले. साफ घाबरले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. 'मेलेला दगड'वर लाल रेघ, तिच्या डोक्यावर 'विदारित खडक'. पुढची वही. पुन्हा रेघ. बाजूला डबे उघडले, लोणच्याचा वास सुटला, कुणीतरी सोसायटीच्या पार्किंगची तक्रार करत होतं. मी खोडत होते. एकोणतीस वह्या झाल्या. एकदाही थांबले नाही, याचीच आज लाज वाटते.

तिसावी वही एका मुलीची. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने धड्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं :

'घरी गेल्यावर सोसायटीची मागची भिंत दगडाने वाजवली. खालच्या ओळीतले चार दगड मेलेले आहेत. आम्ही तिथेच खेळतो. बाई, भिंत पडेल का?'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या बापाला आजवर लोकांनी, दगड कधी देतोस, एवढंच विचारलं. त्याला काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. आणि ही अकरा-बारा वर्षांची पोर त्याचा शब्द घेऊन भिंतीपाशी गेली होती. तिला उत्तर हवं होतं. मी तिचा शब्द खोडला असता तर प्रश्नच खोडला गेला असता. आणि उद्या भिंत पडली असती तर?

मी पेन ठेवलं. मग तेच उचलून लिहिलं, 'पडू शकते. तिथे खेळू नका. आईला सांग, सोसायटीला सांगून भिंत तपासून घ्या. निरीक्षण उत्तम.'

मग कोरा कागद घेतला. 'मेलेला दगड हा शब्द माझ्या वडिलांचा आहे. ते दगड फोडतात. शब्द बरोबर आहे. तो एकोणतीस वह्यांतून खोडला, ही माझी चूक. ती दुरुस्त करत आहे.' खाली सही केली आणि ऑफिसात नेऊन दिला. पर्यवेक्षिका बाईंनी तो वाचला, घडी घातली. म्हणाल्या, "विचार करून लिहिलंय ना?"

"हो. पहिल्यांदाच."

पुढच्या तासाला मुलांना म्हणाले, "खोडलेला शब्द पुन्हा लिहा. माझे वडील दगड फोडतात. सुट्टीत मीही फोडलेत." मागच्या बाकावर दोघं हसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, थांबेपर्यंत. मग खडकांचं चक्र शिकवलं. पूर्ण.

वर्षअखेरीला शेरा आला, 'असमाधानकारक'. नोकरी गेली.

बापाला सांगितलं. त्याला भयंकर राग आला. "लिवून द्यायचं हुतंस की! शबुद काय, वारं हाय. वारं खाऊन जगतंय व्हय कोन?" मग खोकल्याची ढास लागली, बराच वेळ थांबेना. मी पाण्याचा तांब्या धरून उभी राहिले. त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. आजही येत नाही. बहिणीने कॉलेजातून आल्यावर शिकवण्या धरल्या आहेत. सहा शाळांनी मला 'कळवू' म्हटलं. कुणी कळवलेलं नाही. कधीकधी जीव नकोसा होतो.

उद्या सातव्या शाळेत मुलाखत आहे. त्यांनी मला नमुना पाठ घ्यायला सांगितलाय, विषय माझ्या पसंतीचा. मी विदारण घेतलंय. दगड पिशवीत भरले आहेत. मला हाकलायचं तर त्यांनी पाठ पुरता ऐकून हाकलावं. अर्ध्यावर मी थांबणार नाही, आणि शब्द बदलणार नाही.