माझा अंबाडा आणि ओढ्यातले किडे

निवृत्त झाल्यापासून आमचे हे किडे बांधतात.

पीस, रेशमी दोरा आणि गळ, एवढ्यावर हुबेहूब किडा करतात. मासा त्याला खरा समजून गिळतो. (मासा शाळेत जात नाही. मी चौथीपर्यंत गेले, तरी यांचा पहिला किडा मी चपलेनं ठेचला होता.)

लेकीच्या सासूबाई फोनवर दरवेळी विचारायच्या, "काय, व्याह्यांनी धरला का मासा?" मला ते झोंबायचं. एका थंडीत मी बोलून गेले, "या की दोघंबी. गगनबावड्याकडं वड्यावर जाऊ. तिथंच धरायचं, तिथंच शिजवायचं."

आणि ऐटीत नुसते तांदूळ, तेल, मसाला घेऊन निघाले. दुसरं काही घेतलं असतं तर यांच्यावर भरवसा नाही असं दिसलं असतं. खरं तर नव्हताच!

ओढ्यावर यांनी किडा सोडला. मासे वर आले, बघितलं, निघून गेले. दुसरा सोडला, तेच. इकडं चुलीवर भात तयार झाला. व्याही घड्याळ बघायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, "भात लई मोकळा झालाय हो. नुसता खाल्ला तरी चालंल."

ते ऐकून हे गुडघाभर पाण्यात उतरले. दगड उलटे केले आणि तळहातावर काहीतरी घेऊन आले.

"अगं, चुकलंच. मी बांधल्यालं समदं पावसाळ्यातलं किडं हाईत. तवा ते थोराड, तांबूस असत्यात. आता थंडीत बघ, बारीक आन् पांढुरकं. मासं आता हेच खात्यात."

"मग बांधा की पांढुरकं."

"त्या रंगाचं पीस न्हाय."

असं म्हणून माझ्या डोक्याकडं बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं टक लावून कधी बघितलं नव्हतं. मी लाजणार, तेवढ्यात यांनी कात्री काढली.

"वाक जरा."

"अहो, माणसं बघायल्यात."

"बघू देत. भात निवायलाय."

मी वाकले. कचकन आवाज झाला. विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, बघताय काय, सोडवा त्यांस्नी!" चार केस पुरले असते, पण घाईघाईत निम्मा अंबाडाच यांच्या हातात आला.

तिथंच दगडावर बसून यांनी नवा किडा बांधला. पाण्यावर टेकतोय तोच मासा उसळला. मग दुसरा. मग तिसरा. व्याही पँट दुमडून पाण्यात शिरले आणि विहीणबाई पदर खोचून मासे साफ करायला बसल्या. मी नुसती चुलीपुढं ताठ बसून हुकूम सोडत होते.

रस्सा असा जमला की विहीणबाईंनी मागून घेतला. मग ताटातून एक पांढरा केस काढून वर धरला.

"तुमचा का हो?"

"माझाच," मी म्हटलं. "त्याच्यावरच जेवताय तुम्ही."

त्यांनी केस बाजूला ठेवला आणि परत ताट पुढं केलं. फोनवर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

आता पावसाळा जवळ आला की हे स्वतः माझ्यासाठी मेंदी भिजवतात. केस चांगले तांबूस होईपर्यंत राखण करतात. गल्लीतल्या बायका म्हणतात, "आज्जी, या वयात नवऱ्याला तुमची केवढी हौस!"

मी मान डोलावते. हौस माशांची आहे, हे कोण सांगत बसणार?