पंतांचा बंद लिफाफा

यज्ञेश्वरपंत सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत दप्तर सांभाळत. सांभाळत म्हणजे, त्यावर परक्याची नजर पडू देत नसत. घरीही तीच तऱ्हा. मंडईतून वांगी आणली तरी पिशवीचं तोंड सुतळीने आवळलेलं. "भाजी कसली आणलीत?" असं गिरिजाबाईंनी विचारलं, की पंत आधी दाराकडे बघत आणि मग म्हणत, "कळेल."

"चिरायची मी, आणि मलाच कळायचं नाही?"

यावरही पंत कबूल म्हणून काही करत नसत.

तेहतीस साली या माणसाच्या कपाटात वळसंगच्या चनबसप्पाची विहीर येऊन पडली. म्हणजे विहिरीवरचा रिपोर्ट. नव्या सडकेसाठी सरकार ती बुजवायला निघालं होतं. म्हणे विहीर गायरानात आहे. चनबसप्पा म्हणे, ती बापाने आमच्याच रानात खणली. ती गेली तर त्याचं सगळं रान कोरडं पडणार होतं. मोजणीला आलेल्या अंमलदाराने खरं काय ते कचेरीला लिहून कळवलं होतं. चनबसप्पाने दावा लावला आणि तोच रिपोर्ट मागितला. कचेरी म्हणाली, दाखवता येत नाही.

"वकीलसाहेब, माज्याच हिरीचा कागद मला का दावत न्हाईत?"

"गुपित आहे म्हणतात," शिवयोगी वकील म्हणाले. "उघड झालं तर राज्याला धोका."

"माज्या हिरीनं? यप्पा! उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभर पानी असतंय की!"

सरकारची लेखी हरकत पंतांनीच सुरेख अक्षरात तयार केली, साहेबांनी खाली सही ठोकली. सुनावणीला पंत लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात घालून, वर हात दाबून हजर झाले. छातीत कळ आली असावी म्हणून पट्टेवाल्याने पाणी आणून दिलं.

जज्जसाहेबांनी पंतांनाच पिंजऱ्यात बोलावलं. "हरकत घ्यायचा सरकारला हक्क आहे. पण कागद वाचून, धोका कशात आहे हे कुणीतरी ठरवायला हवं. तुमच्या साहेबांनी वाचला?"

"नाही, साहेब. गुप्त आहे असं मी सांगितलं. त्यांनी लगेच सही केली."

"म्हणजे तुम्ही वाचलात."

पंतांचा चेहरा पडला. असला आळ त्यांच्यावर जन्मात कुणी घेतला नव्हता. "मी? गुप्त कागद? देवाशपथ नाही, साहेब!"

"मग गुप्त आहे हे ठरवलं कुणी?"

"लिफाफा बंदच आला होता," पंत म्हणाले.

सरकारी वकील चष्मा पुसू लागले. तो चांगला स्वच्छ होता.

"ज्यांनी वाचलाच नाही, त्यांना धोका कुठून दिसला? आम्ही बघतो," असं म्हणून जज्जसाहेबांनी लिफाफा मागून घेतला, फोडून आतला कागद स्वतः वाचला, त्यात राज्य बुडण्यासारखं काही सापडेना, तेव्हा हरकत फेटाळून तो सर्वांसमक्ष वाचायला कारकुनाकडे दिला. कारकुनाने घसा खाकरताच पंत उठले आणि तडक बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. दुसऱ्याचा गुप्त कागद ऐकायचा कसा?

थोड्या वेळाने चनबसप्पा पटका सावरत धावत आला.

"पंत, ओ पंत! हीर माज्या बापाचीच हाय, रानबी आमचंच! सरकारच्याच मानसानं लिवलंय की!"

पंतांनी झटकन त्याचा दंड धरला, त्याला खांबाआड ओढलं आणि दोन्हीकडे नजर टाकली.

"अहो, हळू! कुणी ऐकलं म्हणजे?"